विश्वास कोणाच्या मालकीचा? वाचकांची पत्रं, बाईंची उत्तरं

गेल्या अंकात बायबलच्या नव्या करारातल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातल्या दोन ओव्यांवर, म्हणजे वचनांवर, मी थोडंसं लिहिलं होतं. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथं म्हणतो की कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे, आपलं तारण झालं. ते आपल्या हातून झालेलं नाही, ‘हे देवाचे दान आहे’. आणि ते तसं का, तर ‘कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून’. पहिल्या ओळीवर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. दुसरीवर मात्र पत्रांचा पाऊस पडला. आढ्यता हा विषय आपल्या मंडळ्यांत बराच जिव्हाळ्याचा दिसतो. चार पत्रं निवडली आहेत. नावं कोणाचीच छापत नाही.

बाई, नमस्कार. मी वसईची, कॅथलिक. तुमचं मासिक शेजारच्या काकूंकडे येतं ते वाचते. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला फिट येतात. गोळ्या चालू आहेत, फिट कमी झाल्या पण बंद नाहीत. माझी मोठी नणंद हल्ली एका प्रार्थनासभेला जाते, तिथं तिची पाठदुखी गेली. परवा जेवायला सगळे बसलेले असताना ती म्हणाली, ‘तुझा विश्वास कमी पडतो म्हणून पोरगा बरा होत नाही. गोळ्या बंद कर, देवावर सोड, मग बघ.’ मी रोज जपमाळ करते, नोव्हेना केली, मिस्सा चुकवत नाही. माझा विश्वास खरंच कमी आहे का?

आधी गोळ्यांचं. एकही गोळी चुकवायची नाही. फिटच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर आधीपेक्षा मोठी आणि लवकर न थांबणारी फिट येऊ शकते, त्यात जीवही जाऊ शकतो. गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, नणंदबाई नाहीत आणि त्यांच्या सभेतले भाऊही नाहीत. हे वाचून झालं असेल तर पुढचं वाचा.

तुमच्या मुलासारखा मुलगा शुभवर्तमानात आहे. मार्क, अध्याय नववा. येशू डोंगरावरून उतरतो तर खाली ही गर्दी! शास्त्री आणि शिष्य यांची हुज्जत जुंपलेली. विषय काय, तर एका मुलाला बरं करणं शिष्यांना जमलं नाही. पोरगं पडतं, तोंडाला फेस येतो, दात खातं, अंग ताठ होतं. मार्कनं हे इतकं बारीक लिहिलं आहे की ज्यांनी घरात फिट पाहिली आहे त्यांना तो परिच्छेद मोठ्यानं वाचवत नाही. मुलाला समोर आणल्यावर येशू बापाला काय विचारतो? ‘हे कधीपासून होतंय?’ चांगला डॉक्टर पहिल्या भेटीत विचारतो तोच प्रश्न. बाप सांगतो, लहानपणापासून; कितीदा विस्तवात पडलाय, कितीदा पाण्यात; तुम्हाला काही करता येत असेल तर करा.

त्यावर येशू म्हणतो की विश्वास ठेवणाऱ्याला सर्व काही शक्य आहे. नणंदबाईंना हे वाक्य पाठ असणार. त्यांना म्हणावं, पुढची ओवी वाचा. बाप ओरडून म्हणतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ निम्मं वाक्य विश्वासाचं, निम्मं अविश्वासाचं, आणि तेवढ्यावर त्याचं काम झालं. येशूनं त्याला ‘घरी जा, उरलेला निम्मा घेऊन ये’ असं सांगितलं नाही. उलट त्या बापानं जे केलं तेच विश्वास दान असल्याचं लक्षण: जे आपल्याकडे कमी आहे ते त्यानं ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच मागितलं. विश्वास म्हणजे काखेत थर्मामीटर लावून मोजायचा ताप नव्हे, की वहिनीचा अठ्ठ्याण्णव आणि माझा एकशेतीन.

आणि ज्यांच्याकडे विश्वासाचा साठा होता ते शिष्य त्याच अध्यायात पुढं काय करतात? कफर्णहूमच्या वाटेवर आपल्यात मोठा कोण यावर भांडतात. हे मार्कनं लपवलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, तो मुलगा बरा झाला, माझा नाही झाला. खरं आहे, आणि त्यावर गोड बोलून मला वेळ मारून न्यायची नाही. पण ‘बरा झाला नाही म्हणजे विश्वास कमी’ हा हिशेब बायबलच मानत नाही. पौलानं आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे’ एवढंच उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची कोणाची छाती आहे? तीमथ्य हा त्याचा लाडका चेला, पोटाच्या तक्रारीनं वारंवार आजारी पडायचा. पौल त्याला पत्रात काय लिहितो? नुसतं पाणी पिऊ नकोस, पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा. त्या काळचं औषधच ते. तीमथ्याला त्यानं विश्वासावरून एका शब्दानं टोचलेलं नाही.

नणंदबाईंशी भांडू नका. पाठ बरी झाली याचा आनंद माना, मनापासून माना. पण त्यांनाही एक काम द्या. फिट आली की मुलाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, तोंडात चमचा-बोट काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठायचा. कांदा आणि चप्पल हुंगवण्याचा उद्योग कोणी करत असेल तर तो बंद. हे त्यांना शिकवा आणि पुढच्या वेळी मुलापाशी त्यांना बसू द्या. सगळ्यांसमोर बोलल्याचं जे दुखलं आहे, ते तुमच्या धर्मग्रामाच्या फादरांच्या कानावर घाला. फादर दोघींना ओळखत असतील.

माननीय संपादक, मी ख्रिस्ती नाही, पुण्यात राहतो, इतिहासाची आवड आहे. विश्वास ‘देवाचं दान’ असल्याचं आपल्या मासिकात वाचलं. नगर जिल्ह्यातले बरेच ख्रिस्ती दुष्काळात धान्यासाठी बाटले, हे सर्वश्रुत आहे. मग दान देवाचं की मिशनऱ्यांचं? शिवाय आम्हालाच दान मिळालं म्हणणं हाही एक गर्वच नाही का?

साहेब, पत्र माझ्याकडे आलं आहे, संपादकांना त्रास नको. ‘बाटले’ तसंच छापलं आहे.

माझी पणजी नेवासे तालुक्यातली, महारवाड्यातली. १८७६ ते ७८ चा दख्खनचा दुष्काळ तिनं लहानपणी पाहिला. घरातली किती माणसं गेली हे ती कधी सांगत नसे, पण मिशनच्या आवारात तिला पहिल्यांदा ज्वारी मिळाली ती कुठल्या झाडाखाली, हे ती म्हातारपणीसुद्धा सांगायची. ‘मी काही देवासाठी आले नव्हते, ज्वारीसाठी आले होते,’ असं ती पाळकांच्या तोंडावर म्हणे. माझ्या आजीला याची लाज वाटे. पणजीला वाटत नसे.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. प्रभूची प्रार्थना शिकवली तेव्हा ‘तुझे राज्य येवो’ म्हणजे काय ते तिला उमगेना. राज्य म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे मामलेदार यायचा. पण ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ ही ओळ आली आणि तिनं शिकवणाऱ्या बाईला थांबवलं. हे देवाला सांगायचं? हे देव ऐकतो? आमच्या घरात असं सांगतात की त्या दिवशी ती पुढं काही शिकली नाही, तीच ओळ म्हणत बसली. तर साहेब, दान देवाचं की मिशनऱ्यांचं, यावर पणजीचं उत्तर ‘दोघांचं’ असं असतं, आणि माझंही तेच आहे. योहानाच्या सहाव्या अध्यायात येशू लोकांना स्वच्छ ऐकवतो की तुम्ही भाकरी खाऊन पोट भरलं म्हणून मला शोधत आलात. पण हे ऐकवलं ते आदल्या दिवशी पाच हजारांना जेवू घातल्यानंतर. रिकाम्या पोटी कोणाची परीक्षा त्यानं घेतली नाही.

धान्याशिवायही बरंच होतं. शाळा होती. नावानं हाक मारणारं कोणीतरी होतं. आणि धान्य वाटणारे मिशनरीही भोळे नव्हते. दुष्काळात बाप्तिस्मा मागणाऱ्यांकडे ते संशयानंच बघत.

आता दुसऱ्या टोकाचा माणूस बघा. रेव्हरंड नारायण वामन टिळक, जन्म १८६१, कोकणातले चित्पावन, कवी, संस्कृतचे जाणकार. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन प्रवाशानं त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाशी ते आले आणि पुस्तक सुटेना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंचा संताप, ताटातूट, त्यांचे पंढरपूरचे दिवस, आणि मग १९०० मध्ये त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा; हे सगळं त्यांच्या आत्मचरित्रात आहे, तुम्ही वाचलंच असेल. टिळकांना जे मिळालं ते पुस्तकातून, पणजीला पायलीतून. टिळकांची विद्या अफाट, पण प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस वाटतात त्या विधीला, बसल्यावर ती कामाची नव्हती. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्यांच्या रांगेत त्यांना बसावं लागलं, आणि तुकडा दोघांना सारखाच.

गर्वाचं विचाराल तर तुमचं निम्मं बरोबर आहे. दान मिळालेल्यानं गर्व करायचा नसतो, आणि आम्ही करतो. आमच्यात आजही लग्न जुळवताना ‘मूळचे कोण?’ हे हळूच विचारलं जातं. जुन्या मिशन-बंगल्याच्या जवळची घरं आणि लांबची घरं, असाही भेद आहे. हे दान मिळाल्यामुळे होत नाही, मिळाल्याचं विसरल्यामुळे होतं. पण ‘मला दिलं गेलं’ म्हणणं म्हणजे ‘मी तुमच्याहून बरी’ म्हणणं नव्हे. मोशे इस्राएलांना बजावतो की तुम्ही संख्येनं मोठे म्हणून देवानं तुम्हाला निवडलं नाही, तुम्ही तर सगळ्यांत थोडे होता. पणजीला हे वाक्य ठाऊक नव्हतं, पण ज्वारीची गोष्ट सांगताना ती वेगळं काही सांगत नव्हती.

बाई, सलाम. मी श्रीरामपूरकडचा, तरुण संघाचा सेक्रेटरी. दोन प्रश्न. एक, मी तीन वर्षांपूर्वी शिबिरात स्वतः हात वर करून प्रभूला स्वीकारलं. निर्णय माझा होता, मग विश्वास ‘दान’ कसा? दोन, माझे वडील. साखर कारखान्यातून रिटायर झाले. दर रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन चर्च उघडतात, सतरंज्या टाकतात, भजनाला ढोलकी वाजवतात. पण प्रभुभोजन घेत नाहीत. म्हणतात, ‘मला आतून काही वाटत नाही, खोटं कशाला घेऊ?’ मला संघात लाज वाटते. देव दान देतो तर त्यांना का देत नाही?

हात तू वर केलास, कबूल. पण शिबिराला कोणी पाठवलं? फी कोणी भरली? माझा अंदाज, ढोलकीवाल्यांनी.

थट्टा सोडून सांगते. तुझा निर्णय खरा आहे, तो कोणी काढून घेत नाही. पण हात वर केल्याची आठवण जितकी पक्की होते तितकं ‘मी केलं’ हे पुढं सरकतं आणि ‘मला दिलं’ मागं जातं. जुन्या काळचा थोर धर्मपंडित ऑगस्टीन, त्याचंही तसंच झालं होतं. विश्वासाची सुरुवात माणसाची, पुढचं देवाचं, असं तो आधी मानत असे. मग करिंथकरांस पहिल्या पत्रातला चौथ्या अध्यायातला प्रश्न त्याला भिडला: तुझ्याजवळ असं काय आहे, जे तुला मिळालेलं नाही? पुढं म्हातारपणी त्यानं लिहून टाकलं की आपलं आधीचं मत चुकलं होतं. आणि प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा ल्यूथर! १५२९ मध्ये पोरांसाठी लिहिलेल्या लहान प्रश्नोत्तरीत तो म्हणतो की मी आपल्या बुद्धीनं किंवा बळानं ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही, पवित्र आत्म्यानं मला बोलावलं. ‘मी विश्वास ठेवतो की मी विश्वास ठेवू शकत नाही’, अशीच ती रचना आहे! १५४६ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या शेवटच्या टिपणात ‘आपण भिकारी आहोत, हे खरे’ असं होतं. ज्याच्या पुस्तकांनी कपाटं भरतात त्याचं हे अखेरचं लिखाण.

माणसाच्या इच्छेला यात किती जागा, यावर १६१८-१९ साली हॉलंडात डॉर्ट गावी सहा महिने परिषद बसली होती. पुढं वेस्लीच्या लोकांनी, म्हणजे मेथडिस्टांनी, तिच्या उलट सांगितलं. आपल्या भागात या सगळ्या घराण्यांची नातवंडं एकाच बाकावर बसतात, त्यामुळे मी त्या वादात शिरत नाही.

वडिलांचं आता. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला झाला. त्यानंतर त्यांनी अमेरिका पाहिली, पुस्तक लिहिलं, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, जगभर नाव झालं. आणि नंतर आपल्या साक्षीत, म्हणजे विश्वास कसा मिळाला ते सांगणाऱ्या लिखाणात, त्या काय लिहितात? की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं अशी गेली! त्या अवस्थेत त्यांच्या हाती हॅसलम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र पडलं. हा हॅसलम कॉर्नवॉलमध्ये मंडळी चालवत होता, पण स्वतः कोरडा होता. १८५१ मध्ये एका रविवारी ‘ख्रिस्ताविषयी तुम्हाला काय वाटते?’ या वचनावर उपदेश करता करता त्याचे स्वतःचेच डोळे उघडले. समोर बसलेला एक जण ओरडला, ‘पाळकाचं परिवर्तन झालं!’ व्यासपीठावर उभ्या माणसाला दान मिळतंय आणि बाकावरच्याला ते आधी दिसतंय. रमाबाईंनी हे वाचलं आणि त्यांना धीर आला. पाळक झाल्यावरही मिळतं म्हणजे पंडिता झाल्यावरही मिळेल.

ती आठ वर्षं रमाबाई काही न वाटताही कामाला जुंपून होत्या. तुझे वडील सतरंज्या टाकतात.

थोमाची गोष्ट तुम्ही लोक उपदेशात नेहमी अविश्वासू थोमा म्हणून सांगता. मला त्यातलं दुसरंच आवडतं. बाकी दहा शिष्यांनी मरणातून उठलेला प्रभू पाहिला, थोमानं नाही, आणि तो तोंडावर म्हणाला की मी मानणार नाही. त्यानंतर आठ दिवसांनी योहान लिहितो, शिष्य पुन्हा घरात होते ‘व थोमाही त्यांच्याबरोबर होता’. म्हणजे आठ दिवस त्याला कोणी बाहेर काढलं नाही, त्यालाही निघून जावंसं वाटलं नाही. दहा जणांपैकी कोणाला त्याची लाज वाटल्याचं लिहिलेलं नाही. प्रभू आला तो त्या खोलीत आला.

त्यांना का देत नाही, हे मला विचारू नकोस. वाटप माझ्याकडे नाही. पण येशूच्या दाखल्यात मंदिरात दोघं प्रार्थनेला येतात: आपलं पुण्य मोजणारा परूशी, आणि लांब उभा राहून ‘मी पापी’ म्हणणारा जकातदार. ‘खोटं कशाला घेऊ’ म्हणणारा माणूस त्या जकातदाराच्या जवळ उभा आहे, हे मला दिसतं. संघाच्या सेक्रेटरीनं आपण कुठं उभे आहोत ते बघावं. येत्या रविवारी अर्धा तास लवकर जा आणि सतरंजीचं दुसरं टोक धर. प्रभुभोजनाचा विषय काढू नकोस.

बाई, मी सोलापूरची, रिटायर्ड क्लार्क. पुढच्या महिन्यात महिला मेळाव्यात मला साक्ष द्यायला सांगितलं आहे. किती नम्रपणे बोलावं? ‘मी नीच, मी पापी, मी किडा’ असं सुरुवातीला म्हणावं का? माझ्या मोठ्या जाऊबाईंचं कर्ज मी प्रार्थना करून फेडलं, तो प्रसंग सांगणार आहे.

‘मी किडा’ नको. किड्यांना व्यासपीठावर बोलावत नाहीत, आणि समोरच्या बायकांना ठाऊक असतं की दोन वाक्यांनी किडा मोठा होणार आहे. मी कशी लीन झाले हे जी बाई वीस मिनिटं सांगते तिच्या लीनतेवर माझा भरवसा बसत नाही.

पेत्राचा धडा घ्या. मत्तय सोळामध्ये तो ‘तू ख्रिस्त आहेस’ असं कबूल करतो, आणि येशू त्याला म्हणतो की हे तुला माणसांनी नव्हे तर माझ्या स्वर्गातील पित्यानं प्रकट केलं. केवढी शाबासकी! पाचसहा ओव्यांनंतर त्याच पेत्राला ऐकावं लागतं, ‘सैताना, माझ्या मागे हो.’ आपल्याकडच्या बहुतेक साक्षी सतराव्या ओवीवर संपतात. तुम्ही तेविसावीपर्यंत या, म्हणजे बायका ऐकतील.

आठ मिनिटांपेक्षा जास्त नको. तुमच्यापर्यंत विश्वास कोणाकोणाच्या हातून आला त्यांची नावं घ्या: आई, संडेस्कूलच्या बाई, ऑफिसातली एखादी मैत्रीण. ख्रिस्ती नसलेलंही कोणी असेल तर तेही सांगा. काय झालं ते साधं सांगा आणि खाली बसा.

कर्जाचा प्रसंग मात्र गाळा. जाऊबाई त्याच मेळाव्याला येणार असतील.